अण्णांचा हेडफोन

"हेच लावणार का आमच्या अण्णांना?"

सभापतींनी माझा हेडफोन हातानं उचलला नाही. खिशातल्या पेनाच्या टोकावर अडकवून वर धरला. मेलेला उंदीर धरावा तसा.

बीडमध्ये कान तपासायचा माझा दवाखाना आहे. दोन खोल्या. एका खोलीत बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून बांधलेली लाकडी केबिन. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन लावायचा, बाहेरून मशीनवर बारीक-मोठे आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. एवढंच काम. पण हे उभं करायला मला नऊ वर्षं लागली. मशीन पुण्याहून जुनं आणलं, तिथल्या माणसाशी दोन दिवस हुज्जत घालून. केबिनच्या सुताराला तर मी रडवलं. आजवर मला फसवून कुणी काही विकलेलं नाही.

सभापती म्हणजे आमच्या भागातले बागाईतदार. पद जाऊन किती वर्षं झाली, लोक अजून सभापतीच म्हणतात. अण्णा त्यांचे वडील. त्यांच्या आधी केबिनमधून नेकनूरकडचा एक मेंढपाळ म्हातारा बाहेर आला होता. खांद्यावरची घोंगडी सावरत बाकड्यावर बसला होता.

"प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिटनं पुसतो," मी म्हणालो.

"स्पिरिटनं मळ निघतो."

काय निघत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. म्हाताऱ्याकडं नुसतं बघितलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "मेंढरात लोळणाऱ्याच्या कानाचं आमच्या बापाला? नवं आण बे."

म्हाताऱ्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. म्हणून तर तो माझ्याकडं आला होता. साहेब आपल्याकडं बघून बोलतायत, एवढंच त्याला दिसलं. तो उठला, हात जोडले, हसला.

"रामराम, सायेब."

मला मात्र ऐकू आलं होतं. सगळं.

मीही मेंढपाळाचाच. आमची मेंढरं याच अण्णांच्या रानात बसायची, खतासाठी. सकाळी चहा यायचा, दांडी तुटलेल्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. पिऊन झाला की आम्हीच धुवायचा आणि तिथंच ठेवायचा. कप धुताना माझा बाप कधी वर बघायचा नाही. मला राग यायचा. अण्णांचा नाही, बापाचा.

आणि आता त्याच अण्णांचा पोरगा माझ्या दवाखान्यात उभा होता. मी काय केलं? भाव करायला बसलो.

तालुक्याचं कान तपासणीचं शिबिर सभापतींच्या हातात होतं. गावोगावचे म्हातारे, बोलायला न शिकलेली लेकरं, सगळी एका जागी येणार होती. तपासायचं कुणी, ते सभापती ठरवणार होते.

"अण्णांसाठी वेगळा हेडफोन आणतो," मी म्हणालो. "शिबिर मात्र मला."

"दिलं."

मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्याच दिवशी नवा हेडफोन आणला. डबीत ठेवला. झाकणावर माझ्याच हातानं लिहिलं, 'अण्णा'. ती डबी वेगळ्या कप्प्यात ठेवली. कोनाडाच तो. माझ्या डोक्यात तेव्हा नाही आलं.

आणखी एक गोष्ट. मशीन आणि हेडफोन यांची जोडी मोजून जुळवलेली असते. मध्येच दुसरा हेडफोन लावला तर तपासणी खोटी निघते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मला माहीत होतं. पण जोडी जुळवून आणायची तर मशीन पुण्याला पाठवावं लागलं असतं, आणि सभापतींना थांबायचं नव्हतं. म्हटलं, थोडा फरक पडेल, चालतंय. नव्या हेडफोनचा आवाज कमी होता. अण्णा होते त्याहून जास्त बहिरे निघाले. मी त्यांचं कानात घालायचं, ऐकू येण्याचं मशीन तसं मोठ्या आवाजावर लावून दिलं.

आठ दिवसांनी बापलेक परत आले. त्याच सकाळी मी त्या म्हाताऱ्याच्या कानात त्याचं मशीन बसवलं होतं. तो बाकड्यावर बसून घोंगडी कानाशी धरून चोळत होता. लोकरीचा आवाज ऐकत होता. किती वर्षांनी, कुणास ठाऊक.

सभापतींनी अण्णांचं मशीन माझ्या टेबलावर आपटलं. "घरात वाटी पडली तरी बाप दचकून उठतोय. डोकं धरून बसतोय. येतंय का तुला काही? मेंढरं सोडून कशाला आलास बे या धंद्यात?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. ती होतीच. "परत तपासतो. पण या हेडफोननं. मशीनचा जोडीचा हाच आहे."

"तो? मेंढक्यांच्या कानाचा? मागंच सांगितलं ना तुला, असली घाण आमच्या अण्णांना चालणार न्हाई म्हणून!"

घोंगडीवरचा हात थांबला. म्हाताऱ्यानं सभापतींकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"त्या दिशी बी हेच म्हनले व्हते का?"

मी टेबलावरचं मशीन उगीच सरळ केलं.

"म्या रामराम घातला त्याहिला. हासून." मग हळूच, "तुला तं ऐकू येत व्हतं ना, लेकरा?"

मला राग पटकन येतो. गिऱ्हाइकावर, सुतारावर, बायकोवर, कुणावरही. हा राग मात्र आठ दिवस उशिरा आला होता, आणि आधी माझ्यावरच आला.

मी कप्पा उघडला. डबी सभापतींच्या हातात ठेवली.

"हा घरी न्या. गाणी ऐका यावर. इथं हेडफोन एकच हाय."

"मग शिबिर विसर."

"विसरलो."

"कुणाच्या जिवावर बोलतोस एवढं?"

"अण्णांना तपासायचं असेल तर आत बसवा. नसेल तर बाजूला व्हा. मागं पेशंट थांबलाय."

अण्णांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी केबिनचं उघडं दार बघितलं आणि आपण होऊन हेडफोनकडं हात नेला. पोरानं बाही धरून मागं ओढलं. जिना उतरताना अण्णा विचारत होते, "काय म्हणतंय ते? काय म्हणतंय?" कुणी सांगितलं नाही.

अण्णा आज बहिरेच बसलेत, त्यात माझाही हात आहे. ते मी लपवत नाही.

शिबिर दुसऱ्याला गेलं. गावागावात सांगावा गेला, त्या मशीनवाल्याकडं जाऊ नका. बाकडं आता निम्मं रिकामं असतं. चिडचिड होते. एखाद्या दिवशी वाटतं, आणावा परत एक हेडफोन, जोडी नीट जुळवून आणावी, कुणाचं काय जातंय. मग ती घोंगडी आठवते.

अण्णांचं मशीन अजून माझ्या टेबलावर आहे. मी ते नीट करून देईन. पण अण्णांना इथं यावं लागेल. त्याच बाकड्यावर बसावं लागेल, आधी आलेल्या माणसाच्या मागं, मग तो कुणी का असेना. त्याची तपासणी झाली की मी हेडफोन स्पिरिटनं पुसीन, सगळ्यांसाठी पुसतो तसा, आणि अण्णांच्या कानाला लावीन.

तोच. यात घासाघीस नाही.