पोटमाळ्याची खोली झाली
मित्रांनो, आमच्या मुलुंडच्या घरातली कपाटं, खिडकीची ग्रिल, पोटमाळा हे सगळं मी स्वतः बनवलंय, कुणाकडे न शिकता. यंदा तो माळा खोली म्हणून मोजला गेला आणि मालमत्ता कर वाढला. माळ्याची उंची सव्वाचार फूट, त्यात फक्त बॅगा राहतात.

अपिलासाठी आज मापं, फोटो घेऊन एका कर सल्लागाराकडे गेलो.

"काका, मापं कोण बघतंय? लिहून द्या, प्लाय सडलाय, माळा काढणारच आहे."

"सडलेला नाही रे तो. बावीस वर्षांत एक स्क्रू ढिला नाही."

"कागदावर सडवायचाय, काका."

या अपिलापायी ही तिसरी फेरी होती, खरंच दमलोय. तरी तसं लिहून सही केली नाही. सल्लागार पाच हजारांत काम करून देत होता, आणि वर्षाला कराचे नऊ हजार चारशे वाचणार होते.