लग्नाच्या कॅमेऱ्यानं टिपलेली कुस्ती

आमच्या युनिटचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायला बसतो, तेव्हा एकेक आपोआप निघतो. आम्ही मूळचे लग्नाचे शूटिंगवाले. आमच्या केबल चॅनलच्या मालकानं पैलवानांची प्रोफेशनल लीग लाइव्ह दाखवायची ठरवली आणि काम आम्हाला दिलं. कॅमेऱ्यावर प्रमोदभाऊ, व्हिडिओ मिक्सरवर मी. अंगात नुसता उत्साह संचारला होता!

*

पहिलीच कुस्ती. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून भिडले. प्रमोदभाऊ सवयीनं ओरडले, "हां, असेच राहा! इकडे पाहा!"

दोघंही थांबले आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसले. पंच शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला.

*

दुसऱ्या दिवशी घोळ माझा. बल्लारपूरचा पैलवान आपटला, त्याचा स्लो मोशन रिप्ले लावताना माझ्या हातून लग्नाचा इफेक्ट दाबला गेला. गडी बदामाच्या चौकटीत, गुलाबाच्या पाकळ्यांत हळूहळू पडला.

सकाळी तो स्वतः स्टुडिओत हजर. मी टेबलामागे सरकलो. तो म्हणाला, "क्लिप द्या ना भाऊ. होनाऱ्या बायकोले लई आवडली."

*

क्रेन आणायची ऐपत नव्हती, म्हणून पोंभुर्ण्याहून लांब बांबू आणला आणि टोकाला दुसरा कॅमेरा बांधला. काय शॉट यायचे! नागपूरच्या एका पाहुण्यानं विचारलं, क्रेन कोणत्या कंपनीची? प्रमोदभाऊ म्हणाले, "पोंभुर्ण्याची."

त्याच संध्याकाळी बांबू ऐन वेळी वाकला आणि निकालाचा डाव सुरू असताना लोकांना मंडपाचं छत दिसलं. मालकाचा फोन आला. आणखी एक निकाल हुकला, तर पुढच्या वर्षी नागपूरचं युनिट येणार.

*

प्रमोदभाऊंनी ते फार मनाला लावून घेतलं. आठवडाभर अंगणात कॅमेरा घेऊन कोंबड्यांच्या मागे धावले. फोकस सुटता कामा नये! शेवटी वहिनींनी मला फोन केला. "ह्यायले आवरा भाऊ. कोंबड्यायनं अंडे देनं बंद केलं."

*

फायनल ब्रह्मपुरीला होती, मुलींची. पोंभुर्ण्याची मनीषा गुणांत मागे होती. तिची आई पोरीची कुस्ती पाहायला पहिल्यांदाच आलेली, अगदी पुढे बसलेली. बांबूवरच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. सगळी मदार प्रमोदभाऊंवर.

शेवटची काही सेकंदं उरली आणि स्क्रीनवर मनीषाची आई आली. फक्त आई! मी हेडफोनमधून ओरडलो, "भाऊ, कुस्तीवर या!"

उत्तर आलं, "बिदाईत मायवरून कॅमेरा हटवत नसतेत."

आईनं आधी पदर तोंडात धरला. मग तिचे खांदे हलायला लागले, पोरीला खालून ती स्वतःच रेटत असल्यासारखे. दोन्ही हात वर गेले. ती उठून उभी राहिली, पदर कुठे गेला ते तिला कळलं नाही, आणि मंडपात एकच गलका झाला. ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

मनीषानं समोरचीला चितपट केलं होतं. आमच्या पडद्यावर त्यातलं काहीच आलं नव्हतं. फोन वाजला, मालकाचाच.

"रिप्ले लाव."

"मालक, कुस्ती तं रेकॉर्डच नाई झाली."

"कुस्ती कोन मांगून राह्यला? त्या मायचा लाव."