सोळा हंड्यांचं पिंप

लॉगचं कोष्टक बघायला मला फार आवडायचं. एक बोट ओळीवरून आडवं न्यायचं, दुसरं रकान्यातून खाली आणायचं आणि दोन्ही बोटं भेटतील तिथले चार आकडे उचलायचे. त्यात मी कधी चुकले नाही. चुकायचे ते शेवटी दशांशचिन्ह देताना. आकडे अगदी बरोबर, टिंब मात्र भलत्याच घरात. त्यापायी नववीच्या सहामाहीत बीजगणितात माझी दांडी उडाली आणि बाबांनी फर्मान काढलं, वार्षिकला पुन्हा हेच झालं तर शाळा बंद आणि शिवणाचा क्लास. शिवण वाईट नव्हे, पण मला सुईत दोरा ओवायचासुद्धा राग यायचा.

तेव्हा आम्ही मालाडला बैठ्या चाळीत राहायचो. एका रविवारी मी दाराशी बसून गणितं सोडवत होते आणि आई शेजारी तांदूळ निवडत होती. गणित पाण्याच्या पिंपाचं होतं. त्रिज्या ०.२९ मीटर, उंची ०.८८ मीटर, तर पाणी किती लिटर मावेल? मी लॉग घेतले, बेरीज केली, हातचा एक धरला आणि उत्तर ऐटीत मोठ्याने वाचलं, "तेवीस पूर्णांक पंचवीस शतांश लिटर."

"केवढं आहे गं पिंप?" आईने विचारलं.

मी हाताने उंची दाखवली. "आपल्या मोरीतल्याएवढंच."

आई हसत सुटली. "वेडी का तू? तेवीस लिटर म्हणजे दोन हंडेपण नाही. आपल्या पिंपाला सोळा हंडे लागतात, वर एक कळशी. रोज पहाटे मी काय हवा भरते त्यात?"

मला असा राग आला! चौथीत शाळा सुटलेल्या बाईने माझे लॉग तपासायचे? तणतणत पुन्हा बेरीज केली. हातचा एक नव्हता, दोन होते. टिंब एक घर उजवीकडे सरकलं आणि दोनशे साडेबत्तीस लिटर झाले. आमचा हंडा चौदा लिटरचा, कळशी आठाची. गुपचूप गुणून बघितलं, तर दोनशे बत्तीस. अर्धा लिटर सांडला असेल.

वार्षिक परीक्षेत हौदाचं गणित आलं. माझं उत्तर होतं एकशे अडुसष्ट लिटर. एरवी मी ते लिहून मोकळी झाले असते. पण माणूस बुडेल एवढ्या हौदात बारा हंडे? आईचं हसू कानात वाजलं. परत पहिल्यापासून गणित केलं आणि टिंब हलवलं.

पास झाले. निकालपत्र आईला दाखवलं, हौदाचंही सांगितलं आणि विचारलं, "तुला हंड्यांचा हिशेब एवढा पक्का कसा गं?"

"शाळा त्यापायीच तर सुटली," ती म्हणाली. "गावाला आई आजारी, विहिरीवरून पाणी आणायला दुसरं कोणी नव्हतं. मग दर खेपेला एक पाढा म्हणायचे. विसरायला नको ना, कोणी परत शाळेत घातलं तर."

मला एकदम भरून आलं. तिला मात्र त्याचं काही नव्हतं.

"तिसापर्यंत येतात अजून," ती म्हणाली. "विचार."

मी सत्तावीस सत्ते विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं. ते बरोबर आहे का, हे बघायला मला वही उघडावी लागली.