निळं कार्ड, पिवळं कार्ड आणि त्यांचा हौ

आमच्या दुकानात वजनकाट्याखाली दोन कार्डं दाबून ठेवली होती, एक निळं, एक पिवळं. महिनाभर ती तिथेच पडून होती आणि महिनाभर मी त्यांच्याकडे रागानं बघत होती. दोन्ही नागपूरकडच्या मोठ्या ठोक गोदामांची. खेड्यातल्या किराणावाल्यांनी कार्ड काढायचं आणि त्या गोदामातून पेटीनं, पोत्यानं माल उचलायचा. कार्ड नसलं तर आत पाय ठेवू देत नाहीत. आणि दोन्हीकडची अट सारखीच, एकदा माल उचलायला लागलं की दर महिन्याला ठरलेला माल न्यायचाच, नाही तर कार्ड बंद. आसगावातलं आमचं दुकान केवढं? मिठापासून मच्छरच्या अगरबत्तीपर्यंत सगळं एका खोलीत मावतं. दोन गोदामांचा माल कुठे खपवू, डोक्यावर? एकच कार्ड ठेवता येणार होतं, आणि कोणतं ते ठरत नव्हतं.

ठरवणारा माणूस दुकानासमोरच्या छपरीत खुर्चीवर बसून होता.

माझ्या नवऱ्याला दीड वर्षापूर्वी लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, तोंड एका अंगाला उतरलं. बोलणंही गेलं, एक 'हौ' सोडून. पाणी पाहिजे का, हौ. नको का, हौ. भात गिचगोळा झाला का, हौ. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. सुरुवातीला मी फार चिडायची. "अजी, हौ म्हंजे पाहिजे का नको, एकदाचं सांगा न!" असं ओरडायची. ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणायचे, "हौ." मग मला हसू यायचं आणि त्याच्या मागोमाग रडू. आता त्या हौचे चार-पाच प्रकार मला ओळखू येतात असं मी पाहुण्यांना सांगते. खरं सांगायचं तर दोनच येतात, तेही कधी कधी.

नेमका हाच शब्द का उरला, त्याचा विचार मी खूप केला. त्यांचं सगळं दुकान या शब्दावर चालत होतं. दर आठवड्याला ते पवनीला ठोकवाल्या शेठजींकडे जायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, जसं काही लग्नाची बोलणी करायला निघालेत. तिथे गेल्यावर डाळीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. वरची डाळ बघायचीच नाही, तळातली काढायची. तिचे दोन दाणे दाढेखाली धरायचे आणि फोडायचे. कट्ट वाजलं तर डाळ सुकी, नाही तर ओली. मी एकदा सोबत गेली होती, तेव्हा बघितलं. शेठजी उभे, हमाल उभे, आणि आमचे हे डोळे मिटून डाळ चावत आहेत. मग डोळे उघडून म्हणाले, "हौ, भरा." तेव्हा कुठे हमालांनी पोत्याला हात लावला.

जाताना गाडी रिकामी जायची नाही. धान निघाला की आमच्याकडे बायका तेल-मिठाच्या बदल्यात पायलीनं धान आणून टाकतात, आजही टाकतात. त्याची पोती शेठजींकडे जायची आणि माल यायचा. पण शेठजी थकले. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी दुकान बंद केलं आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. कोंढ्याच्या एका दुकानदाराकडून थोडा थोडा माल आणून मी दिवस काढले, पण त्याच्याकडून आणून विकायचं म्हणजे त्याच्याच भावात विकायचं. तेव्हाच ही कार्डवाली माणसं गावात फिरू लागली.

आधी निळ्या कार्डाची पोरगी आली. गोड बोलणारी, पाठीला बॅग. म्हणाली, "काकू, कार्ड फुकट आहे, भाव सगळ्यात कमी. फक्त मालकांनी स्वतः यायचं. दारात कॅमेरा असतो, त्याला तोंड दाखवायचं." तिनं यांना विचारलं, "काका, काढू ना कार्ड?" हे म्हणाले, "हौ." ती मोबाइलवर यांचा फोटो काढायला लागली तर मीच आडवी आली. तोंड वाकडं, गालावर लाळेचा ओघळ, असा फोटो कायमचा कार्डावर? मी आतून त्यांचा आधीचा फोटो आणून दिला, पांढऱ्या शर्टातला. पोरगीनं कुरकुर केली, पण घेतला.

चार दिवसांनी पिवळ्या कार्डवाले गृहस्थ आले. पोट सुटलेले, घामाघूम. ते म्हणाले, "वर्षाची फी आहे बाई, पण माल आम्ही पवनीच्या नाक्यावर आणून देतो. तुम्हाला कुठं जायचं काम नाही. दर खेपेला मालकांना फोन येईल, त्यांनी स्वतःचं नाव सांगायचं आणि मालाची यादी सांगायची. आवाज मालकाचाच पाहिजे." यांना विचारलं, "चालेल ना शेठ?" शेठ म्हणाले, "हौ." दुकानात पाणी प्यायलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घरी रीत नाही, आणि यांना तर आता म्हणताच येत नव्हतं. गृहस्थ चहा पिऊन, कार्ड ठेवून गेले.

अशी गंमत झाली बघा. एकाला तोंड पाहिजे, दुसऱ्याला आवाज. आमच्या घरी दोन्ही अर्धंमुर्धं उरलेलं.

पिवळ्या कार्डाला घरबसल्या जमेल अशी एक पळवाट होती. परवाना माझ्या नावावर करून मालक म्हणून माझं नाव घातलं की फोनवर मी बोलू शकत होती. माझा दीर म्हणालाच, "वयनी, कायले डोक्शाले ताप करून राहिल्या? तुमच्या नावावर करा न, बाप्पा!" त्याचं काही चुकत नव्हतं. पण दुकानावरच्या पाटीवर, परवान्यावर, वजनकाट्याच्या शिक्क्याच्या कागदावर, सगळीकडे यांचं नाव. हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. तेवढं एक नाव त्यांच्याकडे होतं आणि ते मी काढून घ्यायचं? म्हणून मी ठरवलं, निळं कार्ड चालवून बघू. तोंड दाखवायला न्यावं लागलं तर नेऊ.

दिराच्या छोट्या टेम्पोतून आम्ही निघालो. मी यांना पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. स्वारी खूश होती. आणि मी शहाणीनं मागे धानाची दोन पोती टाकली. माल आणायला जायचं तर धान न्यायचा, एवढंच मला जन्मभर माहीत. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "धान है, माल के बदले में." तो असा बघायला लागला जसं मी टेम्पोत म्हैस घालून आणली. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. शेवटी दीर पोत्यांसकट टेम्पो घेऊन रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि आम्ही दोघं पायी पायी दारापर्यंत गेलो. शरमेनं माझे कान तापले होते.

दारात कॅमेरा. यांनी तोंड पुढे केलं. मशीन म्हणालं, चेहरा जुळत नाही. पुन्हा केलं. जुळत नाही. तिथली मुलगी म्हणाली, "काका, जरा सरळ बघा. काका, तोंड सरळ करा ना." मी त्यांचा उतरलेला गाल हातानं वर उचलून धरला. माझ्या हातानं, लोकांसमोर. मशीन म्हणालं, जुळत नाही. हे आपले प्रत्येक वेळी म्हणत होते, "हौ, हौ." फोटो मीच दिला होता, आधीचा, चांगला दिसणारा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं. शेवटी कोणी तरी मोठा साहेब आला, वहीत लिहून आम्हाला आत सोडलं, आणि पुढच्या वेळी नवा फोटो काढून घ्या म्हणाला.

आत म्हणजे काय सांगू, आमच्या तळ्याएवढी जागा आणि डोक्याच्या वर मालाच्या भिंती. हे मात्र एकदम जागे झाले. डावा हात माझ्या खांद्यावर टाकून मलाच ओढत डाळीकडे घेऊन गेले. तिथे तूरडाळीची मोठी मोठी पाकिटं, चकचकीत, तोंड बंद. यांनी पाकिटावर हात फिरवला, उलटं केलं, तळ चाचपला. हात आत जायला जागाच नव्हती. मला कळलं पुढे काय होणार, पण मी 'अजी, नका' म्हणेपर्यंत त्यांनी पाकिटाचा कोपरा दातात धरून टरकन फाडला होता. अर्धी डाळ खाली सांडली. त्या सगळ्या गोंधळात त्यांनी दोन दाणे उचलले, चांगल्या बाजूच्या दाढेखाली धरले आणि डोळे मिटले.

दोन पहारेकरी धावत आले. "ओ चाचा, ओ चाचा, ये क्या कर रहे हो!" लोक ट्रॉल्या थांबवून बघायला लागले. एका बाईनं आपल्या लेकराला जवळ ओढलं. मी ओरडून सांगत होती, "दुकानदार आहेत हो ते, डाळ बघून राहिले, वेडे नाहीत!" कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. एकानं त्यांच्या दंडाला धरलं. तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवून म्हणाले, "हौ." हा हौ मला ओळखता आला. डाळ सुकी होती. भरा म्हणत होते.

त्या दिवशी आम्ही फाटलेलं पाकीट तेवढं विकत घेऊन बाहेर आलो. दीर रस्त्यापलीकडे धानाच्या पोत्यांवर बसला होता. मला बघून म्हणाला, "माल कुठी हाय वयनी?" मी फाटलेलं पाकीट त्याच्यापुढे धरलं. परत येताना हे खिडकीला डोकं लावून झोपले आणि मी पूर्ण रस्ता स्वतःशी भांडत आली. नवा फोटो काढता आला असता. त्यांना दर खेपेला नेता आलं असतं. पण पुन्हा तो गाल हातानं उचलायचा, पुन्हा दंडाला कोणी धरायचं, ते मला बघवणार नव्हतं. त्यांना बघवलं असतं का, हे विचारायची सोय नव्हती.

तरी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे दोन्ही कार्डं धरली. "अजी, निळं ठेवू?" हौ. "पिवळं ठेवू?" हौ. "पिवळ्यासाठी दुकान माझ्या नावावर करावं लागते. तुमचं नाव निंगून जाईन. काढू?" त्यांनी दुकानावरच्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "हौ." मला सोयीचा होता तसा मी तो धरला.

पोट सुटलेले गृहस्थ कागद घेऊन आले. यांनी दुकान मला सोपवलं, असं त्यात लिहिलं होतं, खाली सही किंवा अंगठा. यांची सही आधी अशी लफ्फेदार असायची की शाळेतले मास्तर कौतुक करायचे. आता डाव्या हाताचा अंगठा. मी शाईचं पॅड पुढे केलं आणि त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी मूठ वळली. काय जोर होता त्या मुठीत! तो आधीचा हौ कोणता होता, ते तिथेच कळलं मला. गृहस्थ घड्याळ बघत होते. दुकानात तेलाचा शेवटचा डबा उरला होता, डाळ नव्हती, साखर नव्हती, बायका आल्या पावली परत जात होत्या. मी काय करायला पाहिजे होतं? एक एक करून मी त्यांची बोटं उघडली, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. त्यांनी मग हात ओढला नाही. मी पदरानं त्यांची शाई पुसत होती तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.

आठ दिवसांनी फोन आला. "मालक बोलताय का?" मी म्हटलं, "हौ, मीच." माझं नाव सांगितलं, यादी सांगितली. हे छपरीत बसून ऐकत होते. दोन दिवसांनी दिरानं पवनीच्या नाक्यावरून माल आणला.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची म्हातारी डाळ घ्यायला आली. दीड वर्ष गावात एक रीत पडली होती. मी दुकानात असली तरी लोक मुद्दाम यांनाच विचारायचे, कारण तेवढं उत्तर त्यांना देता यायचं. आणि हेही मोठ्या आवाजात, मालकासारखे, हौ म्हणायचे. म्हातारीनं तसंच विचारलं, "तूरडाळ आली का जी?"

ते मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या हौची वाट बघितली, म्हातारीनंही बघितली. शेवटी मीच म्हटलं, "हौ, आली." आणि काय सुचलं कोणास ठाऊक, नवं पाकीट फोडून दोन दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्यानं नीट फिरवून बघितले, आणि दाढेखाली न धरताच म्हातारीच्या पिशवीत टाकून दिले.