लॉरीच्या तोंडाचं हॉटेल

साठ सालाच्या आसपास माझ्या सासऱ्यांनी सुरत-धुळे रस्त्यावर, नवापूरच्या थोडं अलीकडे, चहाचं हॉटेल काढलं. कपाशी-केळीत त्यांचा जीव कधी रमला नाही, त्यांना वेड मोटारींचं. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी दर्शनी भिंत थेट लॉरीच्या तोंडासारखी बांधून घेतली. सिमेंटचं बॉनेट, सिमेंटचे मडगार्ड, आणि दिव्यांच्या जागी दोन पितळी पराती. त्या माझ्या माहेरच्या होत्या. मला विचारलंसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर चाक लोटत आत, पार शेगडीपर्यंत आला.

“मिस्तरी कोठे शे?”

“मिस्तरी नई शे. आठे च्या मिळस,” मी म्हटलं.

तो चाक लोटत तसाच माघारी गेला. चहाही न पिता!

मग रोज तेच. कोणाला पंक्चर काढायचं, कोणाला ब्रेक बघून हवा. दोघांनी तर तेलाने माखलेला गिअरबॉक्स माझ्या दुधाच्या पातेल्याशेजारी आणून ठेवला. नवरा दिवसभर शाळेत शिकवायला, सासरे रस्त्यावर लॉऱ्या बघत, त्यामुळे सगळ्यांना उत्तरं देणारी मी एकटी. संध्याकाळी उरलेलं दूध नासायचं.

“बाबा, भिंतीवर निदान ‘चहा’ तरी लिहा,” मी सासऱ्यांना म्हटलं.

ते दुखावले. “लारीवर कोणी च्या लिखस का, पोरी?”

एके दिवशी एक ड्रायव्हर माझ्यावरच खेकसला, “मिस्त्री नाही, तर हे सोंग कशाला उभं केलं?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेगडी उचलली, बाहेर रस्त्याकडेच्या निंबाखाली मांडली आणि मिरचीची भजी तळायला घेतली. पाठोपाठ आलेली लॉरी थांबली. ड्रायव्हर-क्लीनर लॉरीच्या तोंडाकडे पाठ करून दोन-दोन प्लेटी खाऊन, वर चहा पिऊन गेले. दुपारपर्यंत बेसन संपलं.

शेगडी मी पुन्हा आत नेली नाही. आतल्या खोलीत लाकडं आणि पोती राहिली. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी खाट टाकून गिऱ्हाइकांत बसले आणि प्रत्येकाला बॉनेट कसं बांधलं ते सांगू लागले.

“लोके लारी देखाले थांबतस,” ते मला म्हणाले, “भजा त मंग खातस.”

मी झारा कढईवर असा आपटला, की तेल माझ्याच हातावर उडालं.