लाल पेनाविरुद्धचा अर्ज

प्राचार्यांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बोरकर मॅडम, हे तुमच्याविरुद्ध आहे," ते म्हणाले. "आवक नंबर पडलाय. आता मी तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरू शकत नाही."

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करते. सकाळी कोर्टाआधी एका लॉ कॉलेजात ड्राफ्टिंग शिकवते. ड्राफ्टिंग म्हणजे दावा, जबाब, नोटीस, अर्ज असे कोर्टकामाला लागणारे कागद लिहिणं. ही नोकरी पक्की नाही. तासांवर मानधन असतं, आणि दरवर्षी संस्थेच्या समितीनं नव्यानं नेमणूक द्यायची असते. ती बैठक त्याच शनिवारी होती.

मी कागद वाचला. विषय होता 'घोर अन्याय होत असल्याबाबत'. खाली लिहिलं होतं की सदर मॅडम काहीच शिकवीत नाहीत, त्यांचे शिकवणे समजण्यापलीकडचे आहे, विद्यार्थ्यांचे मनोधैर्य खचले असून भवितव्य अंधारात गेले आहे, तरी महोदयांनी योग्य ती कार्यवाही करावी. मग तृतीय वर्षाच्या जवळजवळ अख्ख्या वर्गाच्या सह्या. पहिली सही प्रज्वल मेश्रामची. अक्षरही त्याचंच होतं.

मला ते लागलं, हे लपवत नाही. 'काहीच शिकवीत नाहीत' हे वाक्य मी दोनदा वाचलं. दर पंधरवड्याला साठेक मुलांचे ड्राफ्ट स्कूटरवर पायांपाशी ठेवून मी सक्करदऱ्याला घरी न्यायची. प्रत्येक ओळ तपासायची. रविवार त्यातच जायचा. आणि वर हे.

"बोला, काय करू?" प्राचार्य म्हणाले. डॉ. खेडीकर सज्जन माणूस. भांडण पाहिलं की त्यांना ॲसिडिटी होते. "मुलांना बोलावतो, एक माफीनामा लिहून घेतो. अर्ज मागे घेतला असं दाखवू. विषय संपला."

तो कागद हातात असताना माझ्यातली वकील हळूहळू जागी झाली. मी विचारलं, "सर, योग्य ती कार्यवाही म्हणजे नक्की काय हवंय त्यांना?"

"तेच तर समजून नाही राहिलं! तुम्हाला काढू? समज देऊ? का सत्कार करू?"

"मग माफीनामा नको," मी म्हणाले. "अर्ज धड लिहून घेऊ. मी हाच विषय शिकवते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचाच राजीनामा मागितला होता. "मॅडम, स्वतःच्या विरुद्धचा अर्ज तुम्ही स्वतः लिहून घेणार?"

"मी नाही. ते लिहितील. तुम्ही वर्गात बसाल. आणि एक गोष्ट आधी जाहीर करायची. ज्यांनी सह्या केल्यात त्यांचे या वर्षीचे गुण मी देणार नाही, दुसरे सर देतील."

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची होती. आमच्या विषयाचे बरेचसे गुण शिक्षकाच्या हातात असतात. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यासमोर कोण खरं बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्य शेवटच्या बाकावर येऊन बसले. वर्ग एकदम गार. त्यांनी गुणांचं सांगितलं, तरी कोणी हललं नाही. मी तो अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. आवाज शक्य तितका सपाट ठेवला.

प्रज्वल उभा राहिला. जरीपटक्याकडून बाइकनं येणारा, वर्गात नेहमी पहिल्या रांगेत बसणारा मुलगा. वडील रेल्वेत क्लार्क. घरात वकील होणारा हा पहिलाच. त्याचे कान लाल झाले होते.

"मॅडम, मीच लिवला जी. माफ करा. आत्ताच वापस घेतो."

"माफी कशाला? तू इथे वकील आहेस. तुझे अशील कोण?"

त्यानं मागे वळून पाहिलं. "हे सारेच."

"त्यांना काय पाहिजे ते विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? सारेच वैतागून राहिले होते. मी लिहून टाकलं, सगळ्यांनी सह्या मारल्या."

मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. काय घडलं? त्यानं तुमचं काय नुकसान झालं? तुम्हाला काय पाहिजे? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला कोर्टाच्या भाषेत प्रेयर म्हणतात. देवाची प्रार्थना नव्हे, तर न्यायाधीशाकडे नेमकं काय मागतो आहोत ते. न्यायाधीश देऊ शकेल तेच मागायचं, आणि इतकं स्पष्ट की त्याला फक्त 'मंजूर' लिहावं लागेल.

"पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात 'घोर' आणि 'अंधारात' हे शब्द चालणार नाहीत," मी म्हणाले. "घोर आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. तुम्ही फक्त घडलेलं सांगायचं."

प्रज्वलनं वर्गाला विचारलं, "सांगा मग, मॅडम शिकवत नाही म्हणजे काय होते?"

सगळे त्याच्याकडे पाहायचे आणि मग चोरून माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की गुण काढून घेतले तरी मी स्वतः अजून वर्गातच उभी आहे. मी खडू ठेवला.

"मी बाहेर व्हरांड्यात थांबते. झालं की बोलवा."

व्हरांड्यात उभं राहणं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं. सुरुवातीला आतून काहीच आवाज येईना. मग एकदम सगळे बोलायला लागले. कोणीतरी हसलं. रितूचा आवाज ओळखू आला. रितू गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याची मुलगी, घरी हिंदी, वर्गात मिळेल ती भाषा. "पढाती तो है, यार! झूठ क्यूँ लिखा?" ती म्हणत होती. त्यावर एक मुलगा म्हणाला, "मग तू सही काहून केली वं?" पुढचं ऐकू आलं नाही. मी खांबाला टेकून कोर्टातली तारीख आठवायचा प्रयत्न करत होते आणि मला ती आठवत नव्हती. नेमणूक गेली असती तर उपाशी मेले नसते. वकिली होतीच. पण सकाळी त्या वर्गात जायची मला सवय लागली होती, आवडही, आणि आपण ज्यांना इतकं दिलं त्यांना ते नकोच होतं, हे घेऊन घरी जायची माझी तयारी नव्हती.

तास संपता संपता प्राचार्य स्वतः दार उघडून बाहेर आले. "या मॅडम. वाचा."

अर्ज आता अर्ध्या पानाचा झाला होता. तो मी तिथेच, दारात उभी राहून वाचला.

काय घडलं: आमचे ड्राफ्ट परत मिळेपर्यंत पुढचे दोन विषय सुरू झालेले असतात, आणि आपण काय लिहिलं होतं ते आम्हाला आठवत नाही. प्रत्येक ओळीवर लाल खूण असते. त्यांतली कोणती चूक दाव्याला मारक आहे आणि कोणती नुसती स्पेलिंगची, ते कळत नाही. सोबत रितूचा ड्राफ्ट पुरावा म्हणून जोडला होता. दुकानाच्या भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा. त्यात भाडेकरूला नोटीस दिल्याचा उल्लेखच नव्हता. नोटिशीशिवाय असा दावा पहिल्याच पायरीवर अडखळतो. मी तिथे लाल गोल केला होता, बरोबर. पण तसाच गोल स्वल्पविरामालाही केला होता. रितूनं सगळे स्वल्पविराम दुरुस्त केले, आणि नोटीस पुन्हा विसरली.

नुकसान: पुढच्या ड्राफ्टमध्ये त्याच चुका होतात. लिहायला बसलं की भीती वाटते.

मागणी: आठवड्याला एकच परिच्छेद लिहायला द्यावा आणि तो वर्गातच तपासावा. एका वेळी सर्वांत मोठी एकच चूक दाखवावी. घडलेली हकीकत आधी मराठीत किंवा हिंदीत लिहू द्यावी, इंग्रजी नंतर.

आणि शेवटी चौथा मुद्दा होता. 'सदर शिक्षिका बदलण्याची अर्जदारांची मागणी नाही.'

ती ओळ मी पुन्हा एकदा वाचली.

"हा चौथा कुठून आला?" मी विचारलं.

"सरांनी विचारलं ना जी," प्रज्वल म्हणाला. "योग्य कार्यवाही म्हणजे मॅडमला काढायचं का? तं सारे एकदम नाही-नाही करून ओरडले. मग मी म्हटलं, हे लिहूनच टाकतो. नाहीतर समितीवाले उलटं समजतीन."

"हे छान केलंस," मी म्हणाले. "अर्ज वाचणारा कुठे गैरसमज करून घेईल ते आधीच ओळखलंस. हे मी तुम्हाला अजून शिकवलंही नव्हतं."

तो हसला. त्या सकाळी पहिल्यांदाच.

शनिवारी मला समितीसमोर बोलावलं. प्राचार्य होते, सदस्य होते, आणि संस्थेचे सचिव होते. सचिव जुने बांधकाम व्यावसायिक. कागद वाचायचा तर शेवटच्या ओळीपासून वर वाचतात, कारण पैसे खाली लिहिलेले असतात, असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले होते.

"हा पहिला पोरांनी लिहिला, पटते," ते म्हणाले. "हा दुसरा नाही पटत. हा तुम्हीच लिहून दिला ना मॅडम? नेमणूक वाचवायले?"

मला याची भीती होतीच. मी काही म्हणायच्या आत प्राचार्य बोलले, आणि ॲसिडिटीचा माणूस इतक्या ठाम आवाजात बोलतो हे मला माहीत नव्हतं.

"मी वर्गात होतो सायेब. मॅडम बाहेर व्हरांड्यात होत्या. एक शब्द त्यांचा नाही."

सचिवांचं समाधान झालं नाही. त्यांनी प्रज्वलला बोलावून घेतलं. तो बाहेर बाकावर बसूनच होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात अर्जाची झेरॉक्स.

"ते झेरॉक्स ठेव बाजूला," सचिव म्हणाले. "न पाहता सांग. तुमाले काय पाहिजे?"

प्रज्वलनं झेरॉक्स टेबलावर उपडी ठेवली.

"सर, आम्हाले मॅडम पाहिजे. फक्त लाल पेन कमी पाहिजे. थोडं थोडं लिहायले द्या, लगेच सांगा कुठं चुकलं, अन् एका टायमाले एकच चूक सांगा. बस."

खोलीत कोणीतरी खोकलं. सचिवांनी दुसरा अर्ज पुन्हा एकदा खालून वर वाचला.

"माझ्याकडे रोज अर्ज येतात," ते म्हणाले. "निम्म्या लोकाईले काय पाहिजे ते वाचून कळतच नाही. यात कळून राहिलं." त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. "पैसे लागतात का याले?"

"नाही सायेब."

"मग करा मंजूर. मॅडमचंही करा."

मी बाहेर आले आणि पार्किंगमध्ये स्कूटरवर नुसती बसून राहिले. चावी लावली नाही. छातीवरचा दगड उतरला असं लोक म्हणतात, मला मात्र भूक लागली. कित्येक दिवसांनी खरोखरची भूक. कॉलेजसमोरच्या ठेल्यावर तर्री-पोह्याची प्लेट घेतली आणि मग आणखी एक.

सोमवारपासून पद्धत बदलली. एक परिच्छेद, वर्गातच. आधी आपापल्या भाषेत. मग शेजारच्यानं तो वाचायचा आणि कोणी, कोणाला, केव्हा, काय केलं ते तोंडी सांगायचं. त्याला काही विचारावं लागलं, तर परिच्छेद अपुरा. मी बाकांमधून फिरायची आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची. पहिले दोन आठवडे मला हे फार जड गेलं. 'रिसीव्ह'चं स्पेलिंग डोळ्यांसमोर चुकलेलं असताना तोंड बंद ठेवायचं म्हणजे शिक्षाच. पण नोटीस, तारीख, मागणी या तीन गोष्टी जागेवर बसल्या की निम्मी स्पेलिंगं मुलांनी आपणहून सुधारली, कारण आता त्यांच्याकडे त्यासाठी वेळ होता. माझे रविवारही मोकळे झाले. घरच्यांनी पहिल्या रविवारी तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

वर्षअखेर दुसऱ्या सरांनी गुण दिले. मी ते पाहायला गेले, जरा घाबरतच. रितूच्या दाव्यात नोटीस होती. तारखेसकट. प्रज्वलला तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, प्रेयर कशी लिहायची? तो म्हणाला, 'सर, आधी अशिलाले विचारून.' परीक्षकांनी मला हे नंतर चहा पिताना सांगितलं, तेव्हा मी फक्त मान हलवली.

मी अजूनही तिथेच शिकवते. नव्यानं शिकवायला लागलेले तरुण वकील कधीकधी विचारतात, ड्राफ्ट कसे तपासायचे. त्यांना एवढंच सांगते. चुका सगळ्या दिसतात म्हणून सगळ्या दाखवायच्या नसतात. एका वेळी एक दाखवली, तर चूक जाते. सगळ्या एकदम दाखवल्या, तर विद्यार्थी प्राचार्यांकडे जातो.