नखाएवढा समुद्र

नखं कापून झाल्यावर कापलेला तुकडा तुम्ही कधी नीट पाहिलाय का? सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या वस्तीत तळवाले नाना दर रविवारी पाहत. करंगळीच्या नखाची कोर तळहातावर ठेवून ते उन्हात धरत आणि म्हणत, "या आठवड्यात समुद्र एवढा रुंद झाला."

मागावरचे कारागीर चिडवत, "नाना, मंग आफ्रिका कधी येती सुरतेला?"

"येत नाही रे, लांब चाललीय. पण तुझ्यासारखी घाई नाही तिला."

नाना नंदुरबारकडचे. लूमवर यायच्या आधी हजिऱ्याच्या समुद्रात तळ तपासणाऱ्या एका बोटीवर ते दोन हंगाम स्वयंपाकी होते. एकदा लोखंडी नळीतून तळाचा गाळ वर आला. नानांनी चिमूटभर उचलून हुंगला आणि म्हणाले, "ही तर आमच्या शेतातली काळी माती." बोटीवरचे साहेब हसले नाहीत. तापीनंच आणलीय, म्हणाले. आणि मग त्या गाळाच्या कितीतरी पलीकडे, भर समुद्रात, तळ कसा जन्मतो तेही त्यांनी सांगितलं. "मी सुरतेला आलो त्याच्या फार आधी माझी माती आली होती," असं नाना सांगत, तेव्हा त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटे. पुढे मिळेल तिथून वाचून, विचारून त्यांनी एक जाड वही भरली.

मी पत्रकांवर वाढले. वडील कामगारांच्या सभा घेत. घरात भिंतीशी रचलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवरच मी अक्षरं ओळखायला शिकले. एकोणिसाव्या वर्षी लूम कामगारांची पत्रकं मीच लिहू लागले, तेव्हा नाना मागे लागले.

"माय, एक पत्रक समुद्राच्या तळावर काढ. आपल्या भाषेत."

"आधी आठ तासांची पाळी मिळू द्या, नाना. मग समुद्र."

"अन् उरलेल्या सोळा तासांत काय करशील?"

मला राग आला.

पत्रक नाही, पण नानांच्या सभेचा फलक मी लिहून दिला. लाल शाईत, माझ्या नेहमीच्या आवेशात: "भूखंड सरकत आहेत! रविवारी सकाळी या. नाना सांगतील." नुसतं खंड लिहायला हवं होतं. ज्या वस्तीत प्रत्येकानं कच्च्या कागदावर प्लॉट घेतलेला, तिथं भूखंडाचा अर्थ एकच. रविवारी अख्खी वस्ती आली. रेशनकार्डं, लाइटबिलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले स्टॅम्पपेपर घेऊन.

"नाना, आमनी जागा जाई का?" शेजारच्या हिरामावशी रडकुंडीला आल्या होत्या.

"जागा कुठंच जात नाही, मावशी. फलकाची चूक झाली. मी समुद्राचा तळ सांगणार होतो."

"सुट्टीची झोप मोडून आलो, अन् हे तळ दाखवतात!" कुणीतरी ओरडलं. निम्मी माणसं निघून गेली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

नाना शांत होते. त्यांनी दोन खाटा शेजारी लावल्या. बाद ठरलेलं पट्टेरी कापड दुहेरी करून मधल्या फटीतून वर काढलं. एक टोक हिरामावशींच्या हाती दिलं, दुसरं माझ्या. "ओढा. हळू. अजून हळू." दोन्ही खाटांवर सारखे पट्टे पसरत गेले. इकडे निळा, तर तिकडेही निळा.

"भर समुद्रात अशी फट आहे. खालून तापलेला रस येतो, पाण्यात थिजतो, काळा दगड होतो, दोन्हीकडे सरकतो. पृथ्वी म्हणजे मोठं लोहचुंबक. त्याची टोकं लाखो वर्षांनी उलटतात, अन् थिजणारा दगड ते लक्षात ठेवतो. म्हणून पट्टे. आपला माग एकाच बाजूला कापड गुंडाळतो, हा दोन्हीकडे. अन् ह्याला मालक नाही."

पलीकडच्या शेडमधले लूम चालूच होते. मला मात्र तो खडखडाट कुठून तरी फार खोलातून वर येतोय असं वाटलं. कापड हातातून सरकत होतं.

मग हिरामावशींनी विचारलं, "नवं निघतच राहिलं, तं जुनं कोठे जातं? पृथ्वी फुगत कशी नाही?"

नानांचे डोळे भरून आले. "मावशी, हा प्रश्न पडायला मला चार वर्षं लागली." त्यांनी कापडाचं टोक खाटेच्या कडेवरून वाकवून खाली खोचलं. जुना तळ असाच खोल दरीत वाकतो आणि पृथ्वीच्या पोटात परत जातो.

त्याच दिवशी मी पत्रक कबूल केलं. आणि काढलं नाही. "या महिन्यात मजुरीचं, पुढच्या महिन्यात तुमचं," असं म्हणत राहिले. नाना मान डोलवत. लूमनं त्यांचे कान इतके नेले होते, की माझ्या सबबी त्यांना ऐकू तरी येत होत्या का, कोण जाणे.

मग चौऱ्याण्णव सालच्या प्लेगचा आठवडा आला. वस्ती गावाकडे पळाली. स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीत नानांनी खिडकीतून वही माझ्या हाती दिली. "परत आलात की छापू!" मी ओरडले. त्यांनी कानामागे हात धरला, काही कळलं नसावं, तरी हसले. नाना परत आले नाहीत. हिवाळ्यात त्यांचा पुतण्या ते गेल्याचा निरोप घेऊन आला. छातीचं दुखणं होतं.

मजुरीचं पत्रक आधी, हे मी आजही म्हणेन. पण मजुरी मागणाऱ्यानं समुद्र मागायचा नाही, हे मी कोण ठरवणारी? मालक तरी वेगळं काय ठरवतो?

नानांच्या वहीवरून केलेलं पत्रक या लेखाला जोडलं आहे. घडी करून खिशात ठेवू नका. उद्या जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की शेजारच्याला ते मोठ्यानं वाचून दाखवा. खाली अर्धं पान कोरं सोडलंय. त्याला पडेल तो पहिला प्रश्न तिथं लिहा, त्याच्याच शब्दांत.